उत्पत्तीच्या गोष्टी शेजारी ठेवून कशा वाचाव्यात

आमच्या वाचनालयात दोन वाक्यं बोलायला मनाई आहे. एक, "सगळे धर्म शेवटी एकच सांगतात." दुसरं, "हे तर आपल्याकडे आधीपासूनच होतं." फलक वगैरे लावलेला नाही, पण यातलं एक ज्याच्या तोंडून निघेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, असं ठरलंय. कारण साधं आहे. ही दोन्ही वाक्यं पुस्तक न उघडता बोलता येतात आणि पुस्तक वाचून झाल्यावर बोलायला जड जातात.

मी चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. हिवाळ्यात ओलिताची लाईन पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटार सुरू करायला वावरात जाण्याआधी माणसं इथे येऊन बसतात. त्यात संत्र्यावाले असतात, रिद्धपूरला नेमानं जाणारे एक महानुभाव काकाजी असतात, बुद्धविहारात मुलांचे वर्ग घेणाऱ्या एक ताई असतात. हरभरा सोंगायच्या दिवसांत मेळघाटातून उतरलेले कोरकू मजूरही कधीमधी दाराशी टेकतात. जग कसं झालं आणि माणूस कशाला झाला, याची प्रत्येकाच्या घरची गोष्ट वेगळी. भांडण होऊ न देता, आणि उगाच गोडगोडही न करता, या गोष्टी एकत्र कशा वाचायच्या याची जी रीत आमच्याकडे पडत गेली, ती सांगतो.

आधी एका ग्रंथाची त्याच्याशीच गाठ घाला

दोन धर्म शेजारी ठेवायची घाई करू नका. पहिलं काम म्हणजे एकच ग्रंथ घेऊन त्यात उत्पत्ती किती ठिकाणी आणि किती तऱ्हेनं सांगितली आहे ते पाहणं.

ऋग्वेदाचं दहावं मंडल घ्या. ९० वं सूक्त म्हणजे पुरुषसूक्त: हजार डोक्यांचा पुरुष, देवांनी त्याचाच यज्ञ मांडला आणि त्याच्या अवयवांतून चंद्र, सूर्य, आकाश, भूमी आणि चार वर्ण निघाले. १२१ वं हिरण्यगर्भाचं: आधी सोन्याचा गर्भ होता, तोच सगळ्याचा धनी. आणि १२९ वं नासदीय सूक्त, अवघ्या सात ऋचांचं. तिथे असतही नव्हतं, सतही नव्हतं, आणि शेवटच्या ऋचेत ऋषी म्हणतो की वर परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे त्याला हे ठाऊक असेल, नाहीतर त्यालाही नसेल. एकाच मंडलात तीन उत्तरं, त्यातलं तिसरं तर उत्तरच नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की "ऋग्वेद असं म्हणतो" हे बोलताना जीभ अडखळते. सूक्ताचा आकडा सांगावा लागतो.

बायबलचंही असंच. मराठी बायबल मिळणं सोपं आहे. त्यातल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय उघडा, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा आणि काय कोणत्या क्रमानं झालं ते नुसतं उतरवत जा. पहिल्या अध्यायात पहिल्या दिवशी उजेड, सूर्य-चंद्र मात्र चौथ्या दिवशी, जनावरं सहाव्या दिवशी आणि सगळ्यात शेवटी माणूस, तोही नर आणि नारी एकाच वेळी. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून क्रम उलटा होतो: आधी मातीचा पुरुष, मग बाग, मग जनावरं, आणि शेवटी त्याच्या फासळीतून बाई. दोन्ही गोष्टी हजारो वर्षं एकाला एक लागून वाचल्या गेल्या. श्रद्धावंतांना ते खुपलं नाही, अभ्यासकांनी त्यावर कपाटं भरली. तुम्हाला यातला कुठलाच पक्ष घ्यायची गरज नाही. फक्त क्रम वहीत नीट उतरलेला हवा.

कुराणात उलट अडचण आहे. तिथे उत्पत्ती एका जागी सांगितलेलीच नाही. दुसऱ्या, सातव्या, पंधराव्या, एकेचाळिसाव्या अशा कितीतरी सूरांत, म्हणजे अध्यायांत, ती तुकड्यातुकड्यानं येते आणि प्रत्येक जागी तिचं काम निराळं असतं. दुसऱ्या सूरेत तर फरिश्तेच विचारतात, की पृथ्वीवर फसाद माजवणारा, रक्त सांडणारा कशाला नेमतोस? हे तुकडे जमवून एकसलग गोष्ट बनवली तर ती तुम्ही बनवलेली गोष्ट होते, एवढं भान ठेवा.

माणूस कशाला केला?

वहीत प्रत्येक गोष्टीखाली काही प्रश्न लिहायचे. सुरुवातीला काय होतं: पाणी, अंधार, अंडं, की काहीच नाही? जग कशातून झालं? करणारा कोण, एकटा की अनेक? ही गोष्ट कोण सांगतो, कोणापुढे, कोणत्या दिवशी? हे चार तर कोणीही विचारेल. पण सगळ्यात जास्त माल ज्या प्रश्नातून निघतो तो म्हणजे: या गोष्टीत माणूस कशासाठी केला?

आमच्या बैठकीत हा प्रश्न पेटला तो अत्राहासिसच्या गोष्टीवरून. ही आजच्या इराकातली, अक्कदी भाषेतली, मातीच्या पाट्यांवर लिहिलेली. तिची एक जुनी प्रत हम्मुराबीच्या वंशातल्या अम्मी-सदुका राजाच्या काळची, म्हणजे इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातली आहे. गोष्ट सुरू होते तेव्हा माणूस नाहीच. मोठे देव आरामात, आणि लहान देव, इगिगी म्हणतात त्यांना, पाट खोदताहेत. तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्या त्यांनीच खोदल्या. वर्षानुवर्षं गाळ उपसून ते कंटाळतात, एका रात्री फावडी-टोपल्या पेटवून देतात आणि एन्लिल या मोठ्या देवाच्या वाड्याला वेढा घालतात. एन्लिल घाबरतो. मग एन्की हा हुशार देव तोड काढतो: हे काम करायला दुसराच कोणीतरी घडवू. एका देवाला मारून त्याचं रक्त-मांस मातीत कालवतात, त्या मातीवर सगळे देव थुंकतात, आणि सात पुरुष, सात बायका तयार होतात. कुदळ-टोपली त्यांच्या हातात जाते.

हे वाचून झालं तेव्हा आमच्यातले एक संत्र्यावाले भाऊ म्हणाले, "म्हंजे देवाईनंही संप केला होता का बाप्पा! आपुन तं रोजंदारच झालो मंग." लोक हसले, पण बोलणं नेमकं होतं. जिथे शेती पाटाच्या पाण्यावर आणि पाटाचा गाळ दरवर्षी उपसावा लागतो, तिथे माणसाच्या जन्माचं कारण गाळ उपसणं हेच निघालं. पुढे माणसं इतकी वाढली की त्यांच्या गलक्यानं एन्लिलची झोप मोडली, आणि म्हणून रोगराई, अवर्षण, दुष्काळ आणि शेवटी पूर. पाप वगैरे काही नाही, गोंगाट!

आता याच्या शेजारी उत्पत्तीचा दुसरा अध्याय ठेवा. तिथेही माणूस मातीचा आणि त्यालाही बागेत मशागतीला ठेवलंय. पण देवाचं काम चुकवण्यासाठी नाही. जनावरांना नावं ठेवायचा मानही त्यालाच आहे. नुसतं "दोन्हीकडे माती" म्हणून बरोबरची खूण केली असती तर हा फरक हातातून गेला असता. खूण करायचीच असेल तर मातीपुढे करा आणि लगेच खाली लिहा: मजूर की राखणदार?

तिसरी गोष्ट ग्वाटेमालाच्या किचे माया लोकांची, पोपोल वुह. तिच्यात देवांना आपलं नाव घेणारं, आपली आठवण ठेवणारं कोणीतरी हवं असतं. आधी चिखलाची माणसं करून पाहतात, ती पाण्यात विरघळतात. मग लाकडाची. ती बोलतात-चालतात, पण त्यांच्यात काळीज नाही, देवांची आठवण नाही. तेव्हा पूर येतो, आणि त्यांच्या घरातली भांडीच त्यांच्यावर उठतात. तवे म्हणतात, तुम्ही आम्हाला जाळलंत. दळायचे दगड म्हणतात, रोज सकाळ-संध्याकाळ आमचं तोंड घासलंत, आता आमची पाळी. घरची कुत्री म्हणतात, जेवताना आम्हाला काठीनं हाकललंत. उरलेल्या लाकडी माणसांची माकडं होतात. शेवटी पिवळा आणि पांढरा मका आणतात, श्मुकाने नावाची म्हातारी तो नऊ वेळा दळते, आणि त्या पिठाची माणसं टिकतात.

वाचनालय झाडायला येणाऱ्या मावशी झाडू टेकवून ऐकत होत्या. म्हणाल्या, "माह्या घरचा पाटा मले काय म्हनन, देव जाणे." त्या दिवसापासून मी असे परिच्छेद मोठ्यानं वाचतो. मनातल्या मनात वाचताना आपण भांड्यांच्या तक्रारीवरून सरकून थेट मक्यावर जातो, कारण 'मुद्दा' तिथे आहे असं वाटतं. गोष्ट सांगणाऱ्यानं जिथे वेळ घेतला आहे, तिथे आपणही घ्यावा.

ही गोष्ट कोणाला उत्तर देते आहे?

काही उत्पत्तिकथा जग कसं झालं हे सांगायला बसलेल्याच नसतात. त्या दुसऱ्या कुणाच्या दाव्याला उत्तर देत असतात. हे ओळखता आलं तर अर्धं काम झालं.

पुरुषसूक्तात सोळा ऋचा आहेत. बाराव्या ऋचेत ब्राह्मण त्या पुरुषाचं मुख, राजन्य बाहू, वैश्य मांड्या आणि पायांतून शूद्र. आता दीघनिकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथातलं २७ वं सुत्त, अग्गञ्ञ सुत्त, उघडा. वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातले दोघे संघात आलेले. त्यांचे भाऊबंद त्यांना टोचून बोलतात, की आपण ब्रह्माच्या मुखातून जन्मलेले आणि तुम्ही खालच्यांत जाऊन बसलात. बुद्ध सांगतात, ब्राह्मणांच्या बायकाही ऋतुमती होताना, गरोदर राहताना, बाळंत होताना, अंगावर पाजताना दिसतात; मग मुखातून जन्मल्याची भाषा कशाला? आणि त्यानंतर ते उत्पत्तीची गोष्ट सांगायला घेतात.

ती गोष्ट शेतकऱ्यानं तर वाचावीच. जगाच्या एका फेऱ्यात सगळीकडे पाणी आणि अंधार असतो. तेजानं भरलेले, अंतराळात फिरणारे जीव असतात. पाण्यावर पृथ्वीची गोड साय धरते. एकाला चाखायचा मोह होतो, मग सगळे खातात, आणि खाता खाता अंगं जड होतात, तेज जातं. पुढे तांदूळ उगवतो, कोंडा नाही, फोल नाही. संध्याकाळी काढला की सकाळी परत पिकलेला. कोणालाच साठवायची गरज नाही. मग एका आळशाला वाटतं, दोनदा कशाला जायचं, दोन वेळचं एकदमच आणतो. दुसरा दोन दिवसांचं आणतो, तिसरा चार, चौथा आठ. साठवण सुरू झाली आणि तांदळाला कोंडा आला, कापलेलं परत उगवेना. तेव्हा लोकांनी शेतं वाटून घेतली आणि धुरे, म्हणजे बांध, घातले. धुरा घातल्यावर एकानं आपला वाटा राखून दुसऱ्याचा उचलला. पहिली चोरी, पहिलं खोटं, पहिली काठी. मग सगळ्यांनी मिळून एकाला निवडलं, की तू न्याय कर, आम्ही तुला तांदळाचा वाटा देऊ. तो महासम्मत, म्हणजे लोकांनी मान्य केलेला राजा.

आमच्यातल्या एकांचा धुऱ्याचा दावा वडिलांपासून चालू आहे. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हंजे धुरा आला अन् तहसीलदार आला." याहून नेमका सारांश मी कुठल्या प्रस्तावनेत वाचलेला नाही.

या दोन पाठांची तुलना करताना "एकीत यज्ञ आहे, दुसरीत नाही" असं कोष्टक भरून भागत नाही. जन्मानं ठरलेल्या दर्जाबद्दल एक पाठ काहीतरी म्हणतो आणि दुसरा त्याच दाव्याला समोरासमोर उत्तर देतो, कामाची विभागणी माणसांच्याच ठरावातून झाली असं सांगून. ताईंनी आणि आमच्या पुरोहित काकांनी ही दोन पानं एकमेकांना वाचून दाखवली. वातावरण तापलं होतं, खोटं कशाला सांगू. पण दोघांनी पानावर बोट ठेवूनच बोलायचं, पानाबाहेरचं नाही, एवढा नियम पाळला. असा नियम आधीच ठरवून घ्या. वाद सुरू झाल्यावर तो कोणी मान्य करत नाही.

उत्तर देण्याचा दुसरा प्रकार गावागावांतल्या, देवळादेवळांतल्या चढाओढीचा. बाबिलोनचं एनुमा एलिश सात पाट्यांचं आहे. गोड्या पाण्याचा अप्सू, खाऱ्या पाण्याची तियामत, देवांची लढाई, आणि मार्दुक तियामतला वाळवायच्या मासोळीसारखी उभी चिरून अर्ध्या अंगाचं आकाश करतो. ऐकायला उत्पत्ती, पण शेवट होतो मार्दुकाच्या पन्नास नावांवर, आणि मार्दुक हा बाबिलोनचा ग्रामदेव. आकितू या नववर्षाच्या सणात चौथ्या दिवशी हे म्हटलं जाई. आमचा देव सगळ्यांत मोठा कसा झाला, हे या काव्याचं खरं काम आहे. इजिप्तमध्येही हेलिओपोलिसवाले म्हणत की आद्य जलातून आतूम उभा राहिला आणि पुढचे देव त्याच्यापासून झाले. मेम्फिसवाले म्हणत की आमच्या प्ताहनं मनात आणलं, जिभेनं उच्चारलं आणि सगळं झालं, आतूमसुद्धा. प्ताहची ही गोष्ट एका काळ्या शिळेवर कोरलेली आहे. शबाका राजानं, इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या शेवटी, किडीनं खाल्लेल्या जुन्या पोथीवरून ती कोरून घेतली, असं शिळाच सांगते. नंतर कोणीतरी त्या शिळेच्या मधोमध भोक पाडलं, त्यातून चहूकडे खाचा मारल्या आणि तिच्यावर दळण दळलं असावं. मधली बरीच अक्षरं त्यात गेली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. फोटो जरूर पाहा. सृष्टीचं रहस्य आणि जात्याच्या खाचा एकाच दगडावर!

सारखेपणा दिसला तर

सारखेपणा सापडला की लगेच आनंदून जाऊ नका. तो तीन वाटांनी येऊ शकतो: शेजारून उचललेला, एकाच जुन्या घराण्यातून दोघांकडे आलेला, किंवा दोघांनी आपापला काढलेला. आधी आडवळणाचे तपशील शोधा. पाणी, अंधार, माती, अंडं या गोष्टी कोणालाही सुचतील. जे सहज सुचणार नाही, ते दोन्हीकडे आहे का?

पुराचं उदाहरण घेऊ. गिलगमेश या बाबिलोनी महाकाव्याच्या अकराव्या पाटीवर उत्नपिश्तिम नाव बांधतो, पूर येतो, नाव डोंगरावर टेकते, मग तो पक्षी सोडतो: आधी पारवा, मग पाकोळी, मग कावळा. पारवा आणि पाकोळी परत येतात, कावळा येत नाही. मग तो होम करतो आणि देव वासानं माशांसारखे गोळा होतात. उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात नोहाही डोमकावळा आणि पारवा सोडतो, होम करतो, आणि परमेश्वराला सुवास जातो. पक्षी सोडणं आणि होमाचा वास, हे दोन तपशील एकामागोमाग दोघांकडे आपोआप येणं कठीण. ही वाट शेजारपणाची दिसते, आणि शेजारपणाचे पुरावेही आहेत: गिलगमेशच्या पाटीचा एक तुकडा इस्रायलमधल्या मगिद्दो इथे सापडला आहे, आणि इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात यहुदी लोक बाबिलोनला बंदिवासात होते. जॉर्ज स्मिथ या इंग्रज अभ्यासकानं ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये ही अकरावी पाटी वाचून दाखवली तेव्हा एवढी खळबळ का उडाली, ते यावरून कळतं.

आता शतपथ ब्राह्मणातला मनू. तिथेही पूर आहे, नाव आहे, उत्तरेचा डोंगर आहे. पण पक्षी नाहीत. एक मासा आहे, जो लहानपणी मनूनं वाचवला. त्याच्या शिंगाला दोर बांधून नाव ओढली जाते. मनू एकटाच उरतो, पाण्यात तूप-दह्याची आहुती देतो आणि वर्षभरानं त्यातून इडा नावाची स्त्री उभी राहते. म्हणजे "पूर" या एका शब्दाखाली तिन्ही गोष्टी येतात, पण पहिल्या दोन एकमेकींच्या सख्ख्या आहेत, तिसरीचं नातं तेवढ्यावर ठरवता येत नाही. वहीत "नातं ठरत नाही" असा एक रकाना ठेवा. आमच्या वहीत तोच सगळ्यात भरलेला आहे.

एका घराण्याचं उदाहरण मला परदेशात शोधावं लागलं नाही. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर १९१६ साली जे चार खंड काढले, त्यात कोरकूंची गोष्ट आहे. सातपुडा ओसाड पाहून रावण महादेवाला विनवतो, इथे माणसं वसव. महादेव कागेश्वर कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला पाठवतो. त्या मातीचे बाई आणि पुरुष असे पुतळे करतो, तर इंद्राचे दोन घोडे येऊन ते तुडवतात. पुन्हा करतो, पुन्हा तुडवतात. शेवटी महादेव कुत्रं करतो, त्याच्यात जीव घालतो, ते घोड्यांना पळवतं, आणि मग मूला आणि मूलाई ही पहिली जोडी उभी राहते. आता झारखंडकडच्या खडिया आणि बिरहोर लोकांच्या गोष्टी पाहा: मातीचे पुतळे, तुडवणारा घोडा, राखण करणारं कुत्रं. संथाळांकडेही पुतळे तुडवणारा घोडा आहे. मेळघाट कुठे आणि छोटा नागपूर कुठे! पण कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे आणि त्या सगळ्यांच्या भाषा त्याच कुळातल्या. आजूबाजूला मराठी, हिंदी, गोंडी बोलणाऱ्यांत राहून, महादेव आणि रावण त्यांच्याकडून घेऊनही, घोडा आणि कुत्रं मात्र कोरकूंनी आपल्या घरचंच ठेवलं, असं मानायला इथे जागा आहे.

हरभऱ्याच्या दिवसांत आलेल्या एका कोरकू बाबांना मी ही छापील गोष्ट वाचून दाखवली. घोडा-कुत्र्यावर ते मान हलवत राहिले. इंद्राचं नाव आलं तेव्हा म्हणाले, "कोन इंदर? घोडे आपले आपनच आले." मी दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या, वेगळ्या शाईनं. समोरच्याची गोष्ट छापीलवरून दुरुस्त करायची नाही, आणि छापील त्याच्यावरून खोडायचीही नाही.

लिहून कोणी घेतलं?

शेजारी ठेवलेल्या दोन ग्रंथांचं वय पाहताना ग्रंथाचं वय आणि प्रतीचं वय वेगळं लिहा. पारशांचं बुंदहिश्न आजच्या रूपात नवव्या शतकाच्या आसपासचं, पण त्यातला माल कितीतरी जुना. पोपोल वुहची जी प्रत आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे ती फ्रान्सिस्को शिमेनेस या डोमिनिकन पाद्र्यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उतरवलेली. चीनमधला अंड्यातून निघणारा पांगू हा तिसऱ्या शतकातल्या लेखनातला. त्याच्या आणि हिरण्यगर्भाच्या मध्ये हजाराहून जास्त वर्षं आहेत, हे विसरून दोघांना एका ओळीत बसवू नये.

नागपूरचं नाव यात वेगळ्या कारणानं येतं. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यानं एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या गाणाऱ्याकडून, लिंगो या त्यांच्या पूज्य पुरुषाचं लांबलचक गोंडी गाणं उतरवून घेतलं. १८६३ मध्ये हिस्लॉप नागपूरजवळ ओढ्याच्या पुरात वाहून गेला, आणि त्याचे कागद रिचर्ड टेंपलनं १८६६ साली छापले. त्या गाण्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांना सोडवतो. आज माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात कचारगडच्या यात्रेला गेलात तर तिथे ऐकू येणारी कोया पुनेमची, म्हणजे गोंडांच्या धर्माची, गोष्ट निराळी रंगते: काली कंकालीची तेहतीस मुलं, शंभूनं बंद केलेली गुहा, ती उघडायला धडपडणारे लिंगो आणि जंगो रायताड, आणि धोंडा सरकला तेव्हा त्याखाली जीव गेलेला हिरासुका. "खरी कोणती" हा प्रश्न इथे टाकू नका. विचारायचं ते असं: गाणाऱ्यासमोर कोण बसलं होतं, त्यानं काय विचारलं असेल, आणि आज सांगणारा कोणासाठी सांगतोय? यात्रेतली गोष्ट आपल्या लोकांना सांगितलेली आहे. हिस्लॉपची एका परक्या पाद्र्याला.

सुरुवातच नसेल तर

आमच्या महानुभाव काकाजींनी एकदा माझी सगळी रकाने आखलेली वही बाजूला सारली. त्यांच्या पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगवेगळे आणि चारही अनादी. "सुरुवातीला काय होतं" या प्रश्नावर त्यांचं म्हणणं, हे चारही होतेच. जैनांकडेही जग करणारा नाही. उतरता आणि चढता काळ चाकासारखा फिरत राहतो. नवव्या शतकातल्या जिनसेनाचार्यांनी आदिपुराणात जगाचा कर्ता मानणाऱ्यांना चांगलंच धारेवर धरलं आहे: जग नव्हतं तेव्हा तो कुठे बसला होता? साहित्य कुठून आणलं? अशा परंपरांना "यांच्याकडे उत्पत्तिकथा नाही" म्हणून यादीतून वगळायचं नाही. त्यांनी प्रश्न नाकारला आहे, आणि का नाकारला ते लिहून ठेवलं आहे. रकान्यात शून्य न मांडता तो नकारच मांडा. जमलं तर काकाजींसारख्या कोणाकडून तोंडी समजून घ्या. सूत्रपाठ हा त्यांचा ग्रंथ नुसता वाचून कळत नाही, आणि ते समजावून सांगायला त्यांना आवडतं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी पहिली जोडी देतो ती उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय. दुसरी अत्राहासिस आणि अग्गञ्ञ, कारण दोन्हीत कष्ट, धान्य आणि सत्ता आहे आणि कोणी कोणाकडून उचललेलं नाही, त्यामुळे चोरीचा वाद निघत नाही. तिसरी कोरकू आणि खडिया. पुरुषसूक्त आणि यमीर ही जोडी बरीच पुढे घ्या. यमीर हा आइसलँडकडचा राक्षस: त्याच्या मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचं आकाश. गोष्ट झकास आहे आणि दोन्ही भाषा दूरच्या नात्यातल्या आहेत. पण आपल्याकडे ती आली वेदात आणि तिकडे लिहिली गेली तेराव्या शतकात, ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या हातून. एवढ्या अंतराचा हिशेब मांडायची सवय झाल्याशिवाय ही जोडी हातात दिली, की पाचव्या मिनिटाला कोणीतरी मनाई असलेलं दुसरं वाक्य बोलतोच.